पिस्तुलांच्या गर्दीत एक पिस्तूल

१

कॉपर बेंड आंतरराष्ट्रीय विमानतळ हा उभ्या अ‍ॅरिझोनातला सर्वांत सुरक्षित विमानतळ आहे, असं त्याच्या दर्शनी दालनात रोज कोणी ना कोणी छातीवर हात ठेवून सांगत असे. सांगणाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असे, ऐकणाऱ्याच्या कमरेला असे, आणि कॉफीच्या रांगेत त्यांच्यामागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच्या कमरेलाही बहुधा असेच. कायद्याची ना नव्हती. तपासणीच्या नाक्यापलीकडे पाण्याची बाटली नेता येत नव्हती. नाक्याअलीकडे मात्र माणूस भरलेलं हत्यार उघड्यावर लटकवून खुशाल दालचिनी रोल खाऊ शकत होता.

त्या शनिवारी सकाळी या सर्वांत सुरक्षित जागेतून एक भरलेलं पिस्तूल नाहीसं झालं.

खबर आली तेव्हा सार्जंट रोवेना गॅस्टन सामानाच्या पट्ट्याशेजारच्या पोलीस खोलीत पाय स्टुलावर ठेवून बसली होती. शहरात वर्षानुवर्षं खुनांचे तपास करून तिचे गुडघे गेले, तेव्हा साहेबांनी विश्रांती म्हणून तिला इकडे धाडलं. इथे तिचं मुख्य काम विसरलेल्या वस्तूंचं. दुसऱ्या गावी लोक छत्र्या विसरतात, कॉपर बेंडला पिस्तुलं विसरत. पुरुषांच्या टॉयलेटमधल्या दारांमागच्या खुंट्या प्रशासनाने याच पायी उपटून काढल्या होत्या. मंडळी पँट सोडण्याआधी पिस्तूल खुंटीला अडकवत, आणि हात स्वच्छ धुऊन घरी जात. खुंट्या गेल्यावर ती टॉयलेट पेपरच्या कागदाच्या डब्यावर ठेवू लागली.

दालनात 'शनिवार क्लब' घोळका करून उभा होता. या क्लबातल्या कोणालाही कुठेही जायचं नसे. दर शनिवारी सकाळी ते विमानतळावर येत, कॉफीच्या काउंटरसमोरची टेबलं धरत आणि हत्यार बाळगण्याचा हक्क बजावत. हक्क बजावायचा म्हणजे बसून राहायचं. बायकाही येत. गेल्या नाताळात क्लबाने सगळ्या बायकांना एकेक गुलाबी होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं कमरेचं म्यान, भेट दिलं होतं. त्यांनी ते नवऱ्यांचं मन राखायला कमरेला लावलं आणि आपापल्या सोयीने वापरलं. कोणी त्यात फोन ठेवी, कोणी रुमाल. अध्यक्षांची बायको ओपल त्यात चष्म्याचं घर ठेवी.

अध्यक्ष म्हणजे ग्रॅडी स्टॉकवेल. वातानुकूलन यंत्रांचा निवृत्त व्यापारी, सहा फूट उंच, पांढऱ्या मिशा, आवाज असा की विमानाची घोषणा त्याच्यापुढे कुजबुज वाटावी. आज तो आवाज जरा बारीक झाला होता. उजव्या कमरेला रिकामं होल्स्टर लोंबत होतं.

"गेलं," तो म्हणाला. "कमरेवरून गेलं. माझ्या डोळ्यांदेखत."

"डोळ्यांदेखत गेलं तर नेणारा दिसला असेल, मिस्टर स्टॉकवेल."

"डोळे पुढे असतात, ब्रेंडा. पिस्तूल बाजूला असतं."

रोवेनाचं नाव ब्रेंडा नव्हतं. ब्रेंडा तिच्या आधीची सार्जंट. तिला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्या निरोपसमारंभात केक ग्रॅडीनेच कापला होता.

२

विमानतळाचा व्यवस्थापक प्रेस्टन यूल हा टाय न सोडता झोपणाऱ्यांपैकी होता. त्याने ध्वनिक्षेपक उचलला आणि शांत, जबाबदार आवाजात सांगितलं, "ज्यांच्याजवळ पिस्तूल आहे त्यांनी कृपया डाव्या बाजूला यावं."

दालनातली बहुतेक माणसं डाव्या बाजूला गेली. उजव्या बाजूला एक नन, बाबागाडीतलं एक मूल आणि त्याची आई उरली. मग आईने पर्स चाचपली आणि तीही डावीकडे गेली.

"आता काय?" यूलने हळूच विचारलं.

"आता तुम्ही बसा," रोवेना म्हणाली.

ती क्लबाकडे वळली. "पिस्तुलावर नंबर असतो. प्रत्येकाने आपलं दाखवा. मिस्टर स्टॉकवेलचं कोणाकडे आहे ते लगेच कळेल."

क्लबात शांतता पसरली. अशी शांतता राष्ट्रगीताच्या वेळीही नसे. शेवटी खजिनदार वेन्डेल फ्राय पुढे आला. बुटका, टापटीप, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला.

"वॉरंट आहे का, सार्जंट?"

"वेन्डेल, चोरी तुमच्याच अध्यक्षांकडे झाली आहे."

"म्हणूनच. आज आमच्या अध्यक्षाचं चोराने नेलं, उद्या आमचं सरकार नेईल. तत्त्वाचा प्रश्न आहे. आम्ही नंबर दाखवणार नाही."

"मग शोधू कसं?"

"त्या सफाईवालीची झडती घ्या की. मी पाहिलंय तिला."

"काय पाहिलंत?"

वेन्डेलला हाच प्रश्न हवा होता. तो म्हणाला, की त्याची खुर्ची पुरुषांच्या टॉयलेटच्या दारासमोर होती. ग्रॅडी आत गेला. सफाईवालीने दारात ती पिवळी 'साफसफाई चालू आहे' पाटी उभी केली आणि ती कुठेतरी गेली. ग्रॅडी बाहेर आला. मग ती एकटीच आत शिरली, लगेच बाहेर आली. थोड्या वेळाने गाडी ढकलत पुन्हा आली आणि सफाई केली. मधे दुसरं कोणी आत गेलं नाही. पाटी पाहून दोघे जण परत फिरले, ते त्याला नावानिशी ठाऊक होते.

"दोनदा आत गेली," वेन्डेल म्हणाला. "पहिल्यांदा पिस्तूल मारायला, दुसऱ्यांदा पुसायला. सोपं आहे."

"पण मी तर म्हटलं, ते गर्दीत गेलं," ग्रॅडी मध्येच म्हणाला. "लाल टोपीवाला होता एक. मी टॉयलेटला गेलोच नव्हतो."

 वेन्डेलने खाली पाहिलं.

तोवर यूल उठून कामाला लागला होता. रोवेना मागे वळली तेव्हा तो सफाईवाल्या इडालिया क्विंटेरोच्या गळ्यातला पास काढून घेत होता.

३

इडालियाला पोलीस खोलीत बसवलं होतं. पन्नाशीची, ठेंगणी, रुंद खांद्यांची. ठेकेदाराने गणवेश इतका भडक जांभळा दिला होता की ती खोलीत आल्यापासून भिंतीलाही जांभळी झाक आली होती. रोवेना आणि ती रोज सकाळी एकमेकींचे गुडघे आणि पाठ यांची चौकशी करत. आज तिने गुडघ्यांविषयी विचारलं नाही.

"गाडी उलटीपालटी केली माझी," ती म्हणाली. "कचऱ्याच्या पिशव्या फोडल्या. आता सगळं पुन्हा मीच भरायचं ना?"

"भरू. आधी सांग, पाटी ठेवून कुठे गेलीस?"

"पलीकडे, गेटपाशी. रेडिओवर बोलावलं. एका पोराने उलटी केली होती."

"कोणी पाहिलं तुला?"

"पोराने पाहिलं की. साक्षीदार चार वर्षांचा आहे. आई त्याला घेऊन विमानात बसली."

"मग परत आलीस तेव्हा?"

"गाडी घेतली, आत गेले, पुसलं. पिस्तूल नव्हतं. असतं तर तुमच्याकडेच आणलं असतं. आजवर किती आणून दिली, सांगा."

हे खरं होतं. इडालियाने आजवर आणून दिलेल्या हत्यारांवर एखादं छोटं राज्य स्वतंत्र होऊ शकलं असतं. प्रत्येक वेळी ती ते ओल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांनी समोर धरून आणी, मेलेला उंदीर आणावा तसं.

"एकदाच आत गेलीस? दोनदा नाही?"

"टॉयलेट आहे ते, सार्जंट. देऊळ नाही. दोनदा कशाला जाऊ?"

यूल दारात येऊन उभा राहिला. त्याने घसा साफ केला. ठेकेदाराशी बोलणं झालं होतं. दुपारचं विमान सुटेपर्यंत पिस्तूल सापडलं नाही, तर ठेकेदार तिला कामावरून काढणार होता. पास नसलेल्या माणसाला विमानतळावर झाडू धरता येत नाही, आणि ठेकेदाराकडे विमानतळाखेरीज दुसरं काम नव्हतं.

इडालिया त्याच्याकडे न बघता रोवेनाशी बोलली. "बेन्हामिनचा विमा या नोकरीवर आहे."

बेन्हामिन तिचा नवरा. सगळं आयुष्य तांब्याच्या खाणीत गेलं. आता घरात एक यंत्र होतं, त्याची नळी त्याच्या नाकात होती, आणि यंत्राचं भाडं विमा भरत होता. रोवेनाला हे माहीत होतं. यूललाही माहीत असावं, कारण त्याने टाय सारखा केला.

"मला तो वेळ पुरेल," रोवेना म्हणाली. पुरेल की नाही याची तिला कल्पना नव्हती.

४

तिने वेन्डेलला काउंटरवरून उठवून त्याच्याच खुर्चीवर बसवलं आणि शेजारी बसली.

"पुन्हा सांगा. पहिल्यांदा आत गेलेली बाई. गाडी होती बरोबर?"

"नाही. म्हणूनच तर म्हणतो."

"बादली? फडकं?"

"नाही. रिकाम्या हाताने."

"कपडे कसले?"

वेन्डेलने विचार केला. "सफाईवालीचे."

"रंग?"

"करडा असेल. असा मळकट. कोण बघतं, सार्जंट?"

"तुम्ही बघता. सभेत दर शनिवारी सांगता, आपण सदा सावध असतो, दालनातली हरेक हालचाल टिपतो. त्या काउंटरवरच्या पोराच्या कमरेला काय आहे?"

"नऊ मिलिमीटर. ऑस्ट्रियन. उजव्या हाताचं, पण म्यान स्वस्तातलं," वेन्डेल मागे न बघता म्हणाला.

"आणि ती बाई? उंच की ठेंगणी? केस?"

"बाई होती," वेन्डेल जरा चिडून म्हणाला. "पुरुषांच्या टॉयलेटात शिरली, दारात पिवळी पाटी होती. बाई तिथे दुसरी कशाला शिरेल? सफाईवालीच असणार."

रोवेनाने मान डोलावली. इतिहासाच्या शिक्षकाने तिला हवं ते सगळं सांगून टाकलं होतं.

मग ती ग्रॅडीकडे गेली. तो खिडकीशी उभा राहून धावपट्टी बघत होता.

"ब्रेंडा, तुला तो किस्सा सांगितला का? एक धर्मोपदेशक आणि एक वकील पिस्तूल घ्यायला जातात."

"सांगितला, सर. सकाळी आलात तेव्हा. आणि मागच्या शनिवारी दोनदा." तिने होल्स्टरकडे बोट केलं. "बघू का?"

होल्स्टरच्या तोंडावरून चामड्याची पट्टी जात होती. पट्टीचं बटण बंद होतं. रोवेनाने ते अंगठ्याने उघडून पाहिलं. चांगलं घट्ट होतं, टक्क असा आवाज आला.

"तुम्हीच बटण लावलंत का, पिस्तूल गेल्यावर?"

"मी हात कशाला लावू? पुरावा असतो तो."

म्हणजे गर्दीतल्या लाल टोपीवाल्याने पिस्तूल हिसकावलं, पळण्याआधी थांबला, आणि मालकाच्या कमरेवरचं बटण नीट लावून गेला. रोवेनाने बरेच चोर पाहिले होते. इतका टापटीप एकही नव्हता.

"ते बंदच ठेवतो मी," ग्रॅडी म्हणाला. "काढलं की बटण, घातलं की बटण. लष्करातली सवय."

"गाडी कोणी चालवली आज?"

त्याचा चेहरा पडला. "ओपलने. माझा परवाना काढून घेतला त्या डोक्याच्या परीक्षेवाल्या पोरीने. मला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं कागदावर. मी घड्याळं विकत नव्हतो, एसी विकत होतो."

रोवेना तिथून निघाली. चुकीच्या ठिकाणी शोध चालला होता, हे तिला आता दिसत होतं. सगळे जण लपवलेलं पिस्तूल शोधत होते.

५

ओपल स्टॉकवेल टॉयलेटच्या दाराशेजारच्या बाकावर बसली होती. नवरा आत गेला की ती नेहमी तिथेच बसे. लहान चणीची, पांढरे केस, करडा लोकरीचा कोट गुडघ्यांपर्यंत. एका हातात कॉफीचा कागदी पेला होता, दुसऱ्यात चष्म्याचं घर. तिला नाक पुसायचं होतं आणि हात मोकळा नव्हता. दोन्ही वस्तूंची अदलाबदल करून बघत होती.

"द्या, मी धरते," रोवेना म्हणाली.

ओपलने पेला दिला.

"चष्म्याचं घर द्या की."

"राहू दे. सवय आहे."

"सवय तर ते होल्स्टरमध्ये ठेवायची आहे ना, मिसेस स्टॉकवेल. नाताळपासून बघतेय मी. आज सकाळभर ते हातात आहे. त्याच्या जागेवर दुसरं कोणी बसलंय का?"

ओपलने रुमाल काढला. मग नाक पुसलं.

"किती जण शोधत होते," ती म्हणाली. "कचऱ्याच्या पिशव्या फोडल्या. छताचे पत्रे काढले. माझ्यापुढून जाताना त्या वेन्डेलने हॅटला हात लावून नमस्कारही केला."

तिने कोट जरासा मागे सारला. गुलाबी होल्स्टरमध्ये काळी मूठ दिसत होती. अर्धी कोटाखाली, अर्धी उघड्यावर, पूर्णपणे कायद्यात.

"मी सांगू, काय झालं ते?" रोवेना म्हणाली. "त्याने आत गेल्यावर पिस्तूल काढलं, सवयीने बटण लावलं, खुंटी नाही म्हणून कागदाच्या डब्यावर ठेवलं आणि विसरला. बाहेर आला तेव्हा तुम्ही बघितलं, होल्स्टर रिकामं. तुम्ही दर वेळी बघता. म्हणून तर या बाकावर बसता. पाटी होती, आत कोणी नव्हतं. तुम्ही गेलात आणि घेऊन आलात. वेन्डेलने एक बाई बघितली, एक पाटी बघितली, आणि दोन्हींची बेरीज केली. त्याची सफाईवाली करड्या कपड्यांत होती. इडालियाचा गणवेश तर विमानातूनही दिसतो."

"शिकागोपासून," ओपल म्हणाली.

"दर वेळी परत देता. आज का नाही दिलंत?"

ओपलने चष्म्याचं घर उघडलं, मिटलं.

"मंगळवारी दुपारी मी धुतलेले कपडे घेऊन स्वयंपाकघरात आले. तो ओट्यापाशी उभा होता. मला म्हणाला, बाई, तुम्ही कोण? मी म्हटलं, ओपल. म्हणाला, ओळखपत्र दाखवा. पिस्तूल माझ्या छातीवर. मी टोपली खाली ठेवली, फ्रिजवरून पर्स घेतली, त्यातून लायसन्स काढून दाखवलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं. म्हणाला, ठीक आहे, जा तुम्ही. मग विचारलं, जेवायला काय आहे."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, हत्यारं घरात ठेवू नका. मी म्हटलं, बरं, तसं लिहून द्या. म्हणाले, असं लिहून देता येत नाही. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, मॉम, बाबांचा तो एकच आनंद आहे. तुमच्या शहरातल्या ऑफिसात फोन केला. त्या मुलीने विचारलं, त्यांनी काही गुन्हा केलाय का? अजून नाही म्हटलं. म्हणाली, मग आम्ही काय करणार, मॅम." तिने खिडकीकडे पाहिलं. "गाडीचा परवाना काढून घेता आला, कारण मुळात परवाना होता. याला परवानाच लागत नाही. काढून काय घेणार? तेव्हा वाटलं, चोरीला गेलेलं बरं. चोरीला गेलेली वस्तू कोणी परत मागत बसत नाही."

"आणि इडालिया?"

"कोण?"

"जिचा पास काढून घेतलाय ती."

ओपलचे हात थांबले. "मला वाटलं, कोणीच सापडणार नाही," ती म्हणाली. "तिचा विचारच केला नाही मी. खरंच सांगते, माझ्या मनातच आली नाही ती."

रोवेनाचा तिच्यावर विश्वास बसला. त्याने काही बरं वाटलं नाही.

"पिस्तूल कधी घेतलं होतं त्यांनी?"

"पंचविसाव्या वाढदिवसाला. आमच्या लग्नाच्या."

"मग या राज्यात ते निम्मं तुमचं. स्वतःच्या वस्तूची चोरी होत नाही. मी ते तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही आणि त्यांना देऊही शकत नाही. तुम्ही घरी न्या, कुलपात टाका, खाणीत फेका. पण तिथे उभं राहून सांगायला लागेल, माझ्याकडे आहे म्हणून. दुपारचं विमान लागायच्या आत."

"तो परत मागेल."

"मागेल. तुम्ही देऊ नका."

ओपल तिच्याकडे बघत राहिली. कधी लग्न न केलेल्या माणसाकडे बघावं तसं.

६

ओपलने सांगितलं. काउंटरसमोर उभी राहून, फार मोठ्याने नाही. पिस्तूल माझ्याकडे आहे, ग्रॅडी विसरला होता, मी उचललं, त्या सफाईवाल्या बाईचा काही संबंध नाही. कारण तिने सांगितलं नाही. भर दालनात नवऱ्याविषयी ते सांगणं तिच्याने होण्यासारखं नव्हतं.

क्लबाने सुटकेचा श्वास सोडला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. गुलाबी होल्स्टर शेवटी कामी आलं, असं काउंटरवरचा पोरगा म्हणाला. सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांकडे वळल्या.

ग्रॅडीने ओपलकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि सौजन्याने विचारलं, "ही बाई कोण?"

क्लब पोट धरून हसला. ग्रॅडीचे विनोद सगळ्यांना आवडत. ओपलही हसली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते.

हसला नाही तो वेन्डेल. रोवेनाने त्याला कोपऱ्यात घेतलं आणि मंगळवारचं सगळं सांगितलं, ओट्यापासून लायसन्सपर्यंत. ओपलने तिला तशी परवानगी दिली नव्हती. पण घरी जाऊन ग्रॅडी पिस्तूल मागणार, आणि त्याला आवरू शकेल असा माणूस क्लबातलाच हवा, असं तिने गणित मांडलं होतं.

वेन्डेलचे डोळे भरून आले. "मला वाटत होतंच काहीतरी," तो म्हणाला. "तोच किस्सा सांगतो सारखा. आम्ही हसतो बापडे."

"त्याच्या हातात पुन्हा पिस्तूल जाता कामा नये. कळलं?"

"कळलं. तीस वर्षांची दोस्ती आहे, सार्जंट. त्याचं कसं करायचं ते माझ्यावर सोडा."

रोवेनाने सोडलं. तिला यूलला गाठायचं होतं. तो टेबलाशी बसून इडालियाचा पास एका पाकिटात घालत होता.

"पिस्तूल सापडलं," रोवेना म्हणाली. "चोरी झालीच नाही. पास द्या तिचा."

"ऐकलं मी. आनंद आहे." यूलने पाकीट बंद केलं. "पण चौकशी निघाली की पास आपोआप रद्द होतो. पुन्हा द्यायचा तर नव्याने पडताळणी. बोटांचे ठसे, राहिलेले सगळे पत्ते, मागच्या मालकांचे दाखले. वर पाठवावं लागतं. काही महिने जातील."

"तिने काहीही केलेलं नाही, प्रेस्टन."

"म्हणूनच तर पडताळणीत अडचण येणार नाही."

"आणि तोवर ठेकेदार?"

"ठेकेदाराने दुसरी बाई बघितली आहे. सोमवारपासून." त्याने पाकीट खणात टाकलं. "माझ्या हातात काही नाही, रोवेना. इथे आत-बाहेर करणाऱ्या माणसाची नीट खात्री करून घ्यावी लागते. सुरक्षेचा प्रश्न आहे."

इडालिया बाहेर फाटलेल्या पिशव्यांतला कचरा नव्या पिशव्यांत भरत होती. कोणी सांगितलं नव्हतं. रोवेनाने तिला यूलचं म्हणणं सांगितलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिने वाईट बातम्या पुष्कळ पोचवल्या होत्या. पण त्यात निदान एखादा गुन्हेगार असे.

"मी चोरलं नाही हे सिद्ध झालं ना?" इडालियाने विचारलं.

"झालं."

"मग चोरलं असतं तर काय वेगळं झालं असतं?"

 रोवेना वाकली आणि तिने पिशवीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून सगळा कचरा भरला. इडालियाने गणवेशाचा जांभळा कोट काढला, घडी करून गाडीवर ठेवला आणि ठेकेदाराच्या माणसाला सांगा म्हणाली, धुतलेला आहे. सोमवारी ती शहरातल्या कचेरीत बोटांचे ठसे द्यायला जाणार होती. तोपर्यंत विम्याच्या लोकांना काय सांगायचं, ते तिने रोवेनाला विचारलं. रोवेना म्हणाली, मी फोन करते. त्या फोनने काय होणार हे दोघींना माहीत होतं.

ग्रॅडीचं काम मात्र तेवढं लांबलं नाही. रोवेना वाहनतळावर पोचली तेव्हा ओपल गाडीत चालकाच्या जागी बसून काचेतून पुढे बघत होती. दुसऱ्या बाजूला वेन्डेल ग्रॅडीच्या गळ्यात पडला होता. आजारी माणसाला या जगात असं रिकाम्या कमरेने सोडणं त्याच्या मनाला पटेना. आपल्या ट्रकमधलं दुसरं पिस्तूल आणून त्याने स्वतःच्या हाताने मित्राच्या होल्स्टरमध्ये घातलं होतं आणि बटण लावलं होतं.

मित्राने मित्राला दिलेल्या अशा भेटीला त्या राज्यात कागद लागत नाही.